अमेरिकेतली राज्य अ‍ॅथलेटिक कमिशनं: कायदा, माणसं, पैसा आणि लढतीची रात्र

प्रश्न असा आहे: अमेरिकेत व्यावसायिक बॉक्सिंग आणि एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) यांवर देखरेख ठेवणारी राज्य कमिशनं कशी स्थापन होतात, त्यांत कोण असतं, त्यांचा खर्च कशातून भागतो, आणि महाराष्ट्रात असं काही उभं करायचं तर सुरुवात कुठून करावी?

आधी एक घोळ मिटवू. डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओ या खासगी संस्था. त्या जगज्जेतेपदाचे पट्टे देतात आणि क्रमवारी लावतात. यूएफसी ही लढती भरवणारी कंपनी. यांपैकी कुणालाही लढवय्याला परवाना देण्याचा किंवा नाकारण्याचा, पंच नेमण्याचा किंवा मेंदूचा स्कॅन मागण्याचा सरकारी अधिकार नाही. तो फक्त राज्याच्या कमिशनला असतो, आणि अमेरिकेत देशपातळीवर असं एकच कमिशन नाही. म्हणून नेवाडात एक व्यवस्था, टेक्ससमध्ये दुसरी.

कमिशनचा कायदेशीर पाया समजला की बाकीचं आपोआप उलगडतं. पैशासाठी झुंज लावणं हा पूर्वी बहुतेक राज्यांत फौजदारी गुन्हा होता. कमिशनचा कायदा म्हणजे त्या गुन्ह्याला काढलेला अपवाद: अमुक खेळ, अमुक नियमांनी, अमुक यंत्रणेच्या देखरेखीखाली झाला तरच तो कायदेशीर. नेवाडाने १८९७ मध्ये कार्सन सिटीतल्या कॉर्बेट-फिट्झसिमन्स लढतीसाठी बंदी उठवली, पण कमिशन नेमलं १९४१ मध्ये. न्यूयॉर्कमध्ये १९२०च्या वॉकर कायद्याने एकाच फटक्यात खेळही कायदेशीर केला आणि कमिशनही नेमलं. पुढे इतर राज्यांनी गिरवला तो मुख्यतः न्यूयॉर्कचा कित्ता.

या कायद्यात सगळ्यात महत्त्वाचं पान व्याख्यांचं. ‘बॉक्सिंग’ म्हणजे काय, ‘व्यावसायिक’ कोण, हौशी लढती यात येतात का, किकबॉक्सिंगचं काय? इथे ढिलाई झाली तर पळवाट तयार झालीच म्हणून समजा. न्यूयॉर्कने १९९७ मध्ये व्यावसायिक एमएमएवर बंदी घातली, पण हौशी लढती कायद्याच्या शब्दांतून निसटल्या. परिणाम उलटाच झाला. डॉक्टर आणि विमा परवडणारी मोठी कंपनी राज्याबाहेर राहिली, आणि छोट्या हॉलमधल्या हौशी लढती मात्र सरकारी देखरेखीशिवाय चालू राहिल्या. बंदी उठली २०१६ मध्ये, आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये यूएफसी २०५ झाली.

दुसरा निर्णय म्हणजे कमिशन कोणत्या खात्याखाली ठेवायचं. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात ते राज्याच्याच डिपार्टमेंट ऑफ स्टेटखाली येतं, कॅलिफोर्नियात ग्राहक व्यवहार खात्याखाली, नेवाडात व्यापार-उद्योग खात्याखाली. न्यू जर्सीचं मंडळ राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या खात्यात आहे. टेक्ससने तर स्वतंत्र कमिशनच ठेवलेलं नाही, तिथे इतर धंद्यांचे परवाने देणारा टीडीएलआर हा विभागच लढतींचंही बघतो. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, प्रत्यक्षात तसा नाही. कमिशनला वकील कोण पुरवणार, कर्मचारी कुणाच्या आस्थापनेवर, बजेट कापायची वेळ आली की आधी कुणाचं कापणार, हे सगळं त्यावर ठरतं. माझ्या मते न्यू जर्सीची मांडणी सगळ्यांत मजबूत: शिस्तभंगाची सुनावणी लावायची असेल तर वकील खात्यातच बसलेले असतात.

सदस्यांची नेमणूक राजकीय असते आणि ती तशी असल्याचं कुणी लपवतही नाही. नेवाडात पाच सदस्य, पाचही गव्हर्नर नेमतो. कॅलिफोर्नियात सात: पाच गव्हर्नरचे, एक सिनेटच्या नियम समितीचा, एक असेंब्लीच्या सभापतींचा. न्यू जर्सीच्या मंडळावर तीनच. हे सदस्य पूर्णवेळ नसतात. ते अधूनमधून बसतात, नियम मंजूर करतात, वादग्रस्त परवान्यांवर मत देतात, शिक्षा सुनावतात. रोजचा गाडा ओढतो तो कार्यकारी संचालक, म्हणून नव्या राज्यात आधी बघावं ते संचालक कोण आहे आणि त्याच्या हाताखाली किती माणसं आहेत. वैद्यकीय बाबींसाठी वेगळं सल्लागार मंडळ असलेलं बरं. नेवाडात ते कायद्यानेच दिलं आहे. डॉक्टरचं मत सदस्यांच्या बहुमतावर सोडलं की तिकीट विकलेल्या लढतीच्या बाजूने पारडं झुकतं.

हितसंबंधांबाबत अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा स्पष्ट आहे: कमिशनचा सदस्य किंवा कर्मचारी लढत भरवणाऱ्या प्रमोटरकडून, पट्टे देणाऱ्या संस्थेकडून किंवा सक्रिय बॉक्सरमध्ये पैसा गुंतलेल्या कुणाकडूनही मोबदला घेऊ शकत नाही. हा नियम बॉक्सिंगपुरता आहे. एमएमएसाठी प्रत्येक राज्याने आपल्या नियमांत तो वेगळा लिहावा लागतो, आणि लिहिला आहे का हे तपासावं लागतं.

केंद्राचे कायदे दोन: १९९६चा प्रोफेशनल बॉक्सिंग सेफ्टी अ‍ॅक्ट आणि त्यात दुरुस्ती करणारा २०००चा मुहम्मद अली अ‍ॅक्ट. त्यांनी राज्यांचा अधिकार काढून घेतला नाही, खालची पातळी ठरवून दिली. लढतीआधी डॉक्टरने तपासून लढायला योग्य असल्याचं लिहून द्यायचं, रिंगजवळ डॉक्टर सतत हजर, रुग्णवाहिका किंवा पुनरुज्जीवनाची साधनं असलेलं वैद्यकीय पथक जागेवर, आणि प्रत्येक बॉक्सरला त्या लढतीतल्या दुखापतीसाठी विमा. विम्याची रक्कम मात्र केंद्राने लिहिलेली नाही, ती राज्यावर सोडली आहे, आणि दरी पडते ती इथेच. न्यूयॉर्कने २०१६ मध्ये जीवघेण्या मेंदूच्या दुखापतीसाठी १० लाख डॉलरचं संरक्षण सक्तीचं केलं. हेतू रास्तच होता, पण हप्ता इतका चढला की छोट्या प्रमोटरांना शो लावणं परवडेना आणि राज्यातले लहान बॉक्सिंग शो रोडावले. रक्कम ठरवण्याआधी विमा कंपन्यांकडून दर मागवायचे असतात, हे साधं काम कुठल्याही राज्याने टाळू नये.

प्रत्येक बॉक्सरने आपल्या राज्याच्या कमिशनकडे नोंदणी करून फोटोचं ओळखपत्र घ्यायचं आणि वजनाच्या वेळेपर्यंत ते दाखवायचं. लढतीचा निकाल आणि निलंबनं कामकाजाच्या ४८ तासांत राष्ट्रीय नोंदवहीत गेली पाहिजेत. नॉकआउट, लागोपाठ हार, दुखापत, डोपिंग, खोटं नाव या कारणांनी एका राज्याने निलंबित केलेल्याला दुसऱ्या राज्याने उतरवायचं नाही. या तरतुदी आल्या त्या अनुभवातून: पूर्वी एका राज्यात बेशुद्ध पडलेला बॉक्सर आठवड्याभरात शेजारच्या राज्यात वेगळ्या नावाने उभा राहू शकत होता.

कमिशनच नसलेल्या राज्याचं काय? याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण मुहम्मद अलीचंच. २८ एप्रिल १९६७ला त्याने लष्करभरतीला नकार दिला आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या कमिशनने त्याचा परवाना निलंबित केला. इतर राज्यांनीही दारं लावली. जॉर्जियात तेव्हा राज्याचं कमिशन नव्हतं. म्हणून २६ ऑक्टोबर १९७०ला अटलांटा शहराच्या परवानगीने तो जेरी क्वारीशी लढला. अलीसाठी ती फट न्यायाची ठरली, पण तीच फट पुढे कित्येक धोकादायक लढतींनाही उपयोगी पडली. १९९६च्या कायद्याने ती बुजवली: राज्यात कमिशन नसेल तर दुसऱ्या राज्याच्या कमिशनने येऊन देखरेख केल्याशिवाय व्यावसायिक बॉक्सिंग लढत होत नाही. आदिवासी राष्ट्रांच्या भूमीवरच्या कसिनोंत त्यांची स्वतःची कमिशनं चालतात, कनेक्टिकटमधलं मोहेगन जमातीचं तसंच. त्यांचे निकष त्या राज्याच्या किंवा राज्य कमिशनांच्या संघटनेच्या, म्हणजे एबीसीच्या, निकषांपेक्षा सैल असून चालत नाहीत.

आता पैसा. उत्पन्नाचे तीन मुख्य झरे: परवाना शुल्क, कार्यक्रमाच्या परवानगीचं शुल्क, आणि तिकीटविक्रीवरचा टक्का. नेवाडात हा टक्का ८, कॅलिफोर्नियात ५ आणि त्यावर १ लाख डॉलरची कमाल मर्यादा, टेक्ससमध्ये ३. हिशेब करून बघा. दीड हजार तिकिटं सरासरी ५० डॉलरने गेली तर गल्ला ७५ हजार, आणि ५ टक्क्यांनी कमिशनच्या हाती ३,७५० डॉलर. एवढ्यात वजनाचा दिवस, लढतीची रात्र, ड्रेसिंग रूमवर नजर ठेवणाऱ्या कमिशनच्या इन्स्पेक्टरांचा प्रवास आणि कार्यालयातली कागदपत्रं उरकायची. लास वेगसला एक मोठी रात्र वर्षाचा खर्च काढून देते. मे २०१५ मधल्या मेवेदर-पॅकियाओ लढतीचा गल्ला ७ कोटी डॉलरच्या वर होता. वर्षाला आठ-दहा छोटे शो होणाऱ्या राज्याला ते गणित कधीच जमत नाही. कमिशनने स्वतःचं उत्पन्न स्वतःच वापरायचं अशी रचना केली तर मोठ्या प्रमोटरला नाराज न करण्याचा मोह होतो. उत्पन्न राज्याच्या तिजोरीत आणि खर्च बजेटमधून असं केलं तर मंदीत कात्री लागते. दोन्हींत खोट आहे. मला दुसरी पत्करते, कारण तिजोरीची ओढाताण उघड दिसते, मिंधेपणा दिसत नाही.

पंच आणि गुण देणारे जज यांचे पैसे प्रमोटर भरतो, पण नेमणूक आणि मानधनाचा आकडा कमिशन ठरवतं. मोठ्या लढतीत दोन्ही बाजू नावांवर आक्षेप घेतात, ते ऐकून घ्यायचे आणि अंतिम निवड स्वतः करायची. नेवाडात मोठ्या लढतींच्या नेमणुका जाहीर बैठकीत होतात, तेच योग्य. एका रात्रीच्या दहा लढतींच्या कार्यक्रमाला साधारणपणे तीन-चार पंच, आलटून-पालटून बसणारे पाच-सहा जज, किमान दोन डॉक्टर, टाइमकीपर आणि प्रत्येक ड्रेसिंग रूमला पुरतील एवढे इन्स्पेक्टर लागतात. काटकसर नेहमी इन्स्पेक्टरांत होते आणि गडबडही नेहमी तिथेच होते.

लढतीला मंजुरी देणं हे कमिशनचं सगळ्यांत कमी दिसणारं आणि सगळ्यांत मोलाचं काम. प्रमोटर जोड्या पाठवतो. संचालक दोघांचं रेकॉर्ड उघडतो, पण ‘१२ विजय, २ पराभव’ एवढ्यावर थांबून चालत नाही. ते बारा विजय कुणावरचे? शेवटचा नॉकआउट कधी खाल्ला? किती महिने रिकामा होता? वजनगट बदललाय का? मग वैद्यकीय फाइल: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीच्या रक्तचाचण्या, डोळ्यांची बाहुल्या विस्फारून केलेली तपासणी, अनेक राज्यांत ईसीजी आणि मेंदूचा एमआरआय, महिलांसाठी गर्भधारणेची चाचणी. चाचणीची मुदत राज्यागणिक वेगळी असते, म्हणून शेजारच्या राज्याचा वैध रिपोर्ट इथे शिळा ठरतो. दोन दिवस आधी एखादी लढत मोडते आणि बदली खेळाडू धुंडाळला जातो, तेव्हा संचालकाची खरी परीक्षा असते. बदली आलेल्याची फाइल अपुरी असेल तर ‘उद्या सकाळी पाठवतो’ यावर सही करायची नाही.

खालच्या गटात बसण्यासाठी घाईने वजन उतरवण्याचा प्रश्न बॉक्सिंगइतकाच एमएमएलाही ग्रासतो. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये दहा कलमी योजना आणली. वजन करून झाल्यावर लढतीपर्यंत दहा टक्क्यांहून जास्त वजन परत चढलं, तर पुढच्या वेळी वरच्या गटात जाण्याची शिफारस केली जाते. त्यासाठी लढतीच्या दिवशी दुसरं वजन घ्यावं लागतं, म्हणजे आणखी एक माणूस, आणखी एक काटा, आणखी एक नोंद.

आता ड्रेसिंग रूममध्ये चला. न्यू जर्सीच्या एमएमए नियमांप्रमाणे प्रत्येक हाताला मऊ गॉझ जास्तीत जास्त १३ यार्ड लांब आणि २ इंच रुंद, त्यावर सर्जिकल टेप १० फुटांपर्यंत आणि १ इंच रुंद. चिकटपट्टी मनगटाजवळ थेट कातडीवर चालते, हाताच्या पाठीवरून दोनदा आडवी जाऊ शकते, आणि मूठ वळल्यावर सांधे झाकतील इतपत पुढे येऊ शकते. हे सगळं इन्स्पेक्टरसमोर, आणि प्रतिस्पर्ध्याचा मॅनेजर किंवा मुख्य सेकंड (कोपऱ्यातला मुख्य मदतनीस) यांच्या डोळ्यांदेखत. इन्स्पेक्टर पट्टी दाबून बघतो, मग तिच्यावर मार्करने सही करतो. त्याने होकार देईपर्यंत ग्लोव्ह चढवायचे नाहीत. ग्लोव्ह घातले की मनगटावरच्या टेपवरही सही. तिथून रिंगपर्यंत इन्स्पेक्टर खेळाडूचा पाठलाग सोडत नाही, अगदी स्वच्छतागृहातसुद्धा.

यात हयगय झाली की काय होतं ते जानेवारी २००९ मध्ये लॉस एंजेलिसला दिसलं. अँतोनियो मार्गारितो शेन मोझलीशी लढणार होता. मोझलीचा प्रशिक्षक नाझिम रिचर्डसन पट्ट्या बांधताना उभा होता. सांध्यांवर ठेवलेली पट्टी त्याला कडक लागली आणि त्याने आक्षेप घेतला. ती काढल्यावर आतला कापूस प्लास्टरसारखा घट्ट झालेला निघाला. कॅलिफोर्नियाने परवाना रद्द केला, वर्षभर पुन्हा अर्ज करायची मुभा नाही. २०१० मध्ये त्याने पुन्हा अर्ज केला तो कॅलिफोर्नियाने फेटाळला, टेक्ससने परवाना दिला, आणि नोव्हेंबरमध्ये तो डॅलसजवळच्या स्टेडियममध्ये पॅकियाओसमोर उभा होता. कायदा मोडला गेला का? नाही. निलंबन चालू नव्हतं, परवाना रद्द होता आणि मुदत संपली होती. केंद्राचा कायदा निलंबनं पाळायला लावतो, दुसऱ्या राज्याचं मत पाळायला लावत नाही. आणखी एक गोष्ट: पट्टी पकडली ती प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्याने, सरकारी माणसाने नव्हे. ‘दुसऱ्या बाजूचा माणूस हजर’ हे नियमातले शब्द म्हणूनच कधी वगळू नयेत.

लढत संपल्यावरचा पहिला तास सगळ्यांत जोखमीचा असतो, आणि तोवर अर्धं कर्मचारी मंडळ मुख्य लढतीकडे डोळे लावून बसलेलं असतं. २ नोव्हेंबर २०१३ला न्यूयॉर्कमध्ये दहा फेऱ्या मार खाल्लेला मागोमेद अब्दुसलामोव्ह टॅक्सीने रुग्णालयात गेला. मेंदूत रक्ताची गाठ होती. तो कोमात गेला आणि कायमचा अपंग झाला. राज्याने २०१७ मध्ये कुटुंबाशी २ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली. राज्याच्या इन्स्पेक्टर जनरलच्या चौकशीत कमिशनच्या कारभारावर कडक ताशेरे होते. यावरून घ्यायचे नियम सरळ आहेत: प्रत्येक लढवय्याची लढतीनंतर लेखी तपासणी, मेंदूच्या इजेची लक्षणं त्याच्या मातृभाषेत विचारायला दुभाषा, रुग्णालयात पाठवायचं तर रुग्णवाहिकेनेच, आणि एक रुग्णवाहिका गेली की दुसरी येईपर्यंत पुढची लढत सुरू करायची नाही. हा शेवटचा नियम प्रक्षेपणाच्या वेळापत्रकाला झोंबतो, म्हणून तो नियमावलीत छापलेला असला पाहिजे, संचालकाच्या मर्जीवर ठेवलेला नको.

त्या रात्रीच वैद्यकीय निलंबनाची यादी निघते. ‘४५ दिवस लढत नाही, ३० दिवस सरावात संपर्क नाही’ अशी तिची भाषा असते. नॉकआउटला सहसा त्याहून जास्त, हाड मोडलं असेल तर डॉक्टरचा दाखला येईपर्यंत.

शिस्तभंगात कमिशनं कोर्टात तोंडघशी पडतात ती बहुधा मनमानीमुळे. अलीचंच प्रकरण परत बघा. १९७० मध्ये फेडरल कोर्टाने न्यूयॉर्कच्या कमिशनचं रेकॉर्ड उघडलं तेव्हा गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना परवाना दिल्याची किमान २४४ प्रकरणं निघाली. मग एकट्या अलीलाच का नाही, याला उत्तर नव्हतं. १९९७ मध्ये टायसनने होलिफिल्डचा कान चावला तेव्हा नेवाडाने कायद्यातली मर्यादा बघितली, ३ कोटी डॉलरच्या मानधनाचे १० टक्के म्हणजे ३० लाखांचा दंड केला आणि परवाना रद्द केला. टीका झाली, पण निर्णय टिकला. उलट २०१५ मध्ये एमएमए लढवय्या निक डियाझला गांजाच्या चाचणीवरून याच कमिशनने पाच वर्षांचं निलंबन दिलं. त्या रात्रीच्या तीन नमुन्यांपैकी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतले दोन निर्दोष होते, तिसरा दुसऱ्या प्रयोगशाळेत दोषी ठरला. अखेर निलंबन दीड वर्षावर आणि दंड १ लाख ६५ हजारांवरून १ लाख डॉलरवर आला. नमुना कुणी घेतला, कुणी सील केला, कुठे गेला आणि कोणत्या गुन्ह्याला किती शिक्षा, याचा तक्ता आधी छापलेला असेल तर असली नामुष्की टळते.

एमएमएच्या नियमांबद्दल एकच गोष्ट. ते ‘युनिफाइड’ म्हणवले जातात, पण उगम न्यू जर्सीत आहे: २००० मध्ये तिथे देखरेखीखाली लढती सुरू झाल्या आणि ३ एप्रिल २००१च्या बैठकीत नियम पक्के झाले. एबीसी ही सल्लागार संघटना आहे, तिचा ठराव कुठल्याही राज्यावर आपोआप लागू होत नाही. २०१७ मध्ये सुधारित नियम आले तेव्हा काही राज्यांनी ते घेतले, काहींनी नाही, आणि ‘जमिनीवर असलेला खेळाडू’, म्हणजे ज्याच्या डोक्यावर लाथ किंवा गुडघा मारायला मनाई असते तो, कुणाला म्हणायचं हे राज्याची हद्द ओलांडली की बदलू लागलं. म्हणून लढतीआधीच्या नियमबैठकीत ही व्याख्या प्रत्येक कोपऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावी.

महाराष्ट्राचं म्हणाल तर रस्ता आहे. राज्यघटनेच्या राज्यसूचीत नोंद ३३ मध्ये खेळ आणि करमणूक येतात, त्यामुळे विधिमंडळ असा कायदा करू शकतं. आज मुंबई-पुण्यात व्यावसायिक लढत लावायची तर मुख्य परवानगी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३३खालच्या सार्वजनिक करमणुकीच्या नियमांतून येते. ती गर्दी, जागा आणि आगीचं बघते. लढवय्याचा एमआरआय कुणी मागत नाही. मान्यता देणाऱ्या खासगी संस्था आहेत, पण त्यांचं निलंबन पाळायला कुणी कायद्याने बांधील नाही. शिवाय संमतीचा मुद्दा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २५, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं ८७, प्रौढाच्या संमतीने झालेल्या इजेला संरक्षण देतं, पण कृतीचा हेतू गंभीर दुखापतीचा नसेल आणि ती होण्याचा संभव कर्त्याला माहीत नसेल तेवढंच. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच. मसुदा करणाऱ्याने पहिलं कलम त्यावरच लिहावं: कमिशनच्या परवान्याखाली, नियमांनुसार झालेल्या लढतीतली इजा गुन्हा नाही. दुसरं कलम परवान्याविना लढत भरवणाऱ्या आयोजकाच्या शिक्षेचं. लढवय्याला त्यातून वगळावं, नाहीतर जखमी माणूस पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात जाणार नाही.